परस्पर संमतीचा घटस्फोट: आकडा ठरल्यानंतरची वाटाघाट

मार्च २०२५ मध्ये एका भारतीय क्रिकेटपटूचा घटस्फोट गाजला. चर्चा सगळी पोटगीच्या ४ कोटी ७५ लाखांच्या आकड्याची झाली. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत का गेलं, याकडे मात्र फार थोड्यांचं लक्ष गेलं. कायद्यातली सहा महिने थांबण्याची मुदत माफ करावी, असा अर्ज दोघांनी मिळून केला होता. वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयाने तो फेटाळला, कारण ठरलेल्या रकमेपैकी अर्धीच दिली गेली होती. उच्च न्यायालयाने अटींचा कागद पाहिला. उरलेला हप्ता घटस्फोट मंजूर झाल्यावर द्यायचा, असं त्यातच लिहिलेलं होतं. म्हणजे तोवर जे पाळायचं होतं ते पाळलं गेलं होतं. मुदत माफ झाली आणि दुसऱ्याच दिवशी घटस्फोट मंजूर झाला.

हप्ता कधी द्यायचा, हे सांगणाऱ्या एका अटीने काम झालं. सामान्य घरांतल्या घटस्फोटांत नेमकी हीच अट नसते. दोन्हीकडचे मामा-काका, वकील, मध्यस्थ महिनोन्‌महिने रकमेवर घासाघीस करतात. कोणी काय करायचं, कोणत्या दिवशी करायचं आणि समोरच्याने केलं नाही तर काय, हे शेवटच्या दिवशी कोर्टाच्या आवारात घाईघाईने टाईप होतं. पुढची भांडणं बहुतेक त्याच घाईतून निघतात. म्हणून या लेखात पैशाइतकीच जागा मी क्रमाला देणार आहे.

आधी पाया: ‘म्युच्युअल’ म्हणजे काय

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यात १९७६ मध्ये कलम १३-ब आलं आणि कोणाचाही दोष सिद्ध न करता, दोघांच्या संमतीने घटस्फोट घेण्याची सोय झाली. अटी तीन: किमान एक वर्ष वेगळं राहणं, एकत्र नांदणं शक्य न होणं, आणि लग्न संपवण्यावर दोघांचं एकमत. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घर हवंच असं नाही. एका छताखाली राहूनही नवरा-बायकोचं नातं उरलं नसेल तर ते वेगळं राहणंच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केलं आहे. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल, तर तिथेही अशीच तरतूद आहे. ख्रिस्ती आणि पारशी जोडप्यांसाठी त्यांच्या त्यांच्या कायद्यात आहे, आणि मुस्लिम कायद्यात परस्पर संमतीच्या विभक्तीला मुबारात म्हणतात.

अर्ज दोन टप्प्यांत चालतो. पहिला संयुक्त अर्ज, ज्याला वकील मंडळी फर्स्ट मोशन म्हणतात. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दुसरा टप्पा. त्या दिवशी दोघांनी पुन्हा सांगायचं की आमचा विचार बदललेला नाही. मग न्यायालय हुकूम देतं. मधले सहा महिने मन वळलं तर वळावं म्हणून ठेवलेले आहेत. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की ही मुदत पाळायलाच हवी असं नाही. दोघं पहिल्या अर्जाआधीच दीड वर्ष वेगळे राहत असतील, समेटाचे प्रयत्न संपले असतील, आणि पोटगी व मुलांचा ताबा यांसह सगळं खरोखर मिटलं असेल, तर कौटुंबिक न्यायालय ती माफ करू शकतं. ‘सगळं मिटलं असेल’ हे शब्द महत्त्वाचे. अर्धवट तडजोड घेऊन गेलात, तर लवकर सुटका मागण्याचं कारणच हातातून जातं.

दोघांत जे ठरलं त्याचा कागद या अर्जाला जोडतात. त्याला कन्सेंट टर्म्स म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं ‘अटी’ म्हणेन.

स्टॅम्पपेपरवरची सोडचिठ्ठी

गावाकडे आणि शहरातही अजून हे चालतं. दोन्हीकडची माणसं बसतात, नोटरीसमोर स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी होते, भांडी-दागिने परत जातात आणि सगळ्यांना वाटतं की विषय संपला. रूढीनुसार होणारा घटस्फोट कायद्याने राखून ठेवला आहे, हे खरं. पण आपल्या समाजात अशी रूढी पूर्वापार चालत आली आहे, हे ज्याला तिचा आधार घ्यायचा त्याने न्यायालयात सिद्ध करावं लागतं. ते जमलं नाही, तर कागदावर काहीही लिहिलेलं असो, कायद्याच्या नजरेत ते दोघं नवरा-बायकोच राहतात. मग दुसरं लग्न बेकायदा ठरतं आणि त्या दुसऱ्या लग्नातल्या बाईची फरफट होते. काही वर्षांनी पेन्शनच्या कागदावर किंवा सातबाऱ्यावर वारसांची नावं लावताना हे उघडं पडतं, आणि तेव्हा सोडचिठ्ठीवर साक्षीदार म्हणून सह्या करणाऱ्यांतलं कोणी हाताशी नसतं. आपसात ठरलेलं असलं तरी न्यायालयाचा हुकूम घ्याच.

बोलणीला बसण्याआधी

नवऱ्याचा पगार नक्की किती, कर्ज किती, बायकोच्या नावावर माहेरच्यांनी काय ठेवलं आहे, हे कित्येकदा एकमेकांना ठाऊक नसतं. अंदाजावर बोलणी सुरू होते आणि संशयावर तुटते.

याला चांगला उपाय आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या दाव्यांसाठी मालमत्ता आणि देण्यांच्या शपथपत्राचा नमुना ठरवून दिला. पगार, इतर उत्पन्न, बँक खाती, ठेवी, विमा, जमीन, वाहनं, कर्जं, दरमहा खर्च, अवलंबून असलेली माणसं, सगळं त्यात भरावं लागतं. तुमचं प्रकरण संमतीचं असलं तरी तो नमुना दोघांनी भरा आणि अदलाबदल करा. सोबत गेल्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँकेचे उतारे. नवरा शेती किंवा धंदा करत असेल तर कागदावरचं उत्पन्न फसवं असतं. तिथे घराचा प्रत्यक्ष खर्च, मुलांची फी, गाडीचे हप्ते यांवरून राहणीमान दाखवता येतं आणि न्यायालयं ते विचारात घेतात.

एक सावधगिरी. नवरा-बायकोतलं चोरून रेकॉर्ड केलेलं बोलणंही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये ठरवलं. न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रातलं बोलणं गोपनीय असतं. बाहेर ते दाव्यात वापरता येत नाही. रात्री अकराला रागाच्या भरात पाठवलेल्या व्हॉट्सॲप मेसेजला असं संरक्षण नाही. ‘पाच लाखांवर एक रुपया देणार नाही’ किंवा ‘मुलगा तूच ठेव’ असं काही लिहिण्याआधी हे लक्षात असू द्या.

‘पगाराच्या २५ टक्के मिळतात ना?’

हा समज कुठून आला ते सांगता येतं. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याच्या निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य ठरेल असं म्हटलं होतं. तेव्हापासून तो आकडा नियमासारखा फिरतो आहे. नियम असा नाही. न्यायालय बघतं ते वेगळं: दोघांची सामाजिक आणि आर्थिक स्थिती, पत्नीच्या आणि मुलांच्या रास्त गरजा, तिचं शिक्षण आणि नोकरी, तिचं स्वतःचं उत्पन्न, लग्नात असतानाचं राहणीमान, घरासाठी तिने सोडलेली नोकरी, नवऱ्याची ऐपत आणि त्याच्यावरच्या जबाबदाऱ्या. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे घटक पुन्हा एकत्र मांडले. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका निकालात असंही म्हटलं की पोटगी ही विभक्त जोडीदाराच्या संपत्तीशी बरोबरी करण्यासाठी नसते.

आपल्याकडे हे नीट समजून घ्यायला हवं, कारण भारतात (गोवा सोडून) लग्नाची अशी सामायिक मालमत्ता कायद्यात नाही. ज्याच्या नावावर त्याची. वीस वर्षं घर सांभाळलेल्या बाईचा नवऱ्याच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये घटस्फोटावेळी आपोआप हिस्सा होत नाही. तसा हक्क देऊ पाहणारं विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. मला हा आपल्या कायद्यातला मोठा अन्याय वाटतो. तो दूर होईपर्यंत त्या बाईकडे पोटगीची वाटाघाट हाच मार्ग उरतो, म्हणून ‘मी काही कमावलंच नाही, मी काय मागू’ असं म्हणत तिने बसू नये.

बायको कमावती असेल तर?

कमावते म्हणून पोटगी आपोआप जात नाही, आणि बायको आहे म्हणून आपोआप मिळतही नाही. तिच्या पगारात लग्नातल्यासारखं राहणीमान जवळपास टिकतं का, हा प्रश्न असतो. दोघांचे पगार सारखे असतील, मूल नसेल, तर अनेक जोडपी काहीही देणं-घेणं न ठेवता वेगळी होतात आणि ते रास्तच आहे. हिंदू विवाह कायद्यात नवराही पोटगी मागू शकतो, हेही अनेकांना माहीत नसतं.

एकरकमी घ्यावी की दरमहा?

आकडेमोड करूनच हे ठरवा. समजा, दरमहा २०,००० रुपये पंधरा वर्षं असं ठरतं आहे. नुसती बेरीज ३६ लाख होते. पण तेच पैसे आज एकदम मिळाले तर व्याज मिळतं, म्हणून आजची किंमत कमी भरते: ७ टक्के व्याज धरलं तर साधारण २२ लाख २५ हजार. देणारा ‘एवढेच घे’ म्हणतो आणि घेणारा ३६ म्हणतो, तेव्हा दोघंही एकाच रकमेबद्दल बोलत असू शकतात.

दरमहाच्या रकमेला महागाई खाते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर पंधरा वर्षांनी त्या २०,००० ची किंमत आजच्या आठ हजार तीनशेच्या आसपास असेल. म्हणून वाढीची अट हवीच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात ५०,००० रुपये दरमहा पोटगी ठरवताना दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ जोडली. आपल्या २०,००० ला हीच वाढ लावली, तर चौदा वर्षांनी २८,००० च्या थोडं वर जातील. महागाई तरीही पुढेच राहते, पण काहीच वाढ नसण्यापेक्षा बरं.

करातही फरक पडतो. दरमहा मिळणारी पोटगी घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते. एकरकमी मिळालेली रक्कम उत्पन्न नसून भांडवली जमा आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने फार पूर्वी ठरवलं आहे. देणाऱ्याला दोन्हीत वजावट नाही.

माझं मत विचाराल तर, नातं कडवट झालं असेल, नवऱ्याचा धंदा बेभरवशाचा असेल किंवा तो परदेशी जाणार असेल, तर थोडी कमी का होईना, एकरकमी घ्यावी. दर महिन्याच्या सात तारखेला खात्यात पैसे आले का ते बघत बसणं म्हणजे ते लग्न दर महिन्याला नव्याने जगणं. पण एवढी रोकड नसेल, तर नोकरदार माणसाकडून दरमहा घेणं वाईट नाही. तेव्हा त्याच्या आयुर्विम्याची एखादी पॉलिसी मुलांच्या नावे नॉमिनेट करून घ्या. देणारा माणूसच गेला तर पोटगीचं काय, हा प्रश्न वाटाघाटीत कोणी काढत नाही.

दागिने

लग्नात मुलीला माहेरहून, सासरहून, नातेवाइकांकडून मिळालेलं सगळं तिचं स्त्रीधन. पाटल्या, तोडे, मंगळसूत्र, सासूने घातलेला हार, सगळं. त्यावर नवऱ्याचा हक्क नाही. अडचणीत त्याने ते वापरलं असेल तर परत करणं ही त्याची जबाबदारी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं. स्त्रीधन म्हणजे पोटगी नव्हे. ‘दागिने दिले ना, आता पोटगी कसली’ हे म्हणणं चूक आहे, कारण ते मुळात तिचेच होते.

अडचण येते ती सिद्ध करण्याची. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी करून ठेवावी असा १९८५ पासून नियम आहे; तो कोण पाळतं? मग लग्नाचे फोटो, सराफाची बिलं, लॉकर उघडल्याच्या नोंदी यांवरून यादी बनवा. प्रत्येक डाग वेगळा लिहा, अंदाजे वजनासह, आणि कोणत्या दिवशी, कोणासमोर परत मिळाला त्याची पोच घ्या. अटींत ‘सर्व दागिने परत केले’ एवढंच लिहिलेलं असेल, तर एका बिलवराची आठवण पुढे सहा महिने छळते.

फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज चालू

पुण्या-मुंबईतल्या तरुण जोडप्यांचा सगळ्यात अवघड गुंता हा. अटींत लिहितात की फ्लॅट पत्नीचा, पुढचे हप्ते ती भरेल. दोघं सह्या करतात आणि निघून जातात. पण बँकेने त्या कागदावर सही केलेली नसते. तिच्या लेखी कर्जदार अजून दोघंच. तिचे दोन हप्ते चुकले की त्याचा सिबिल स्कोअर घसरतो आणि त्याला नव्या घराचं कर्ज मिळत नाही. उलटही होतं: कर्जाचं ओझं त्याने घेतलं, हप्ते थकवले, आणि तिच्या राहत्या घरावर जप्तीची नोटीस लागली.

म्हणून वाटाघाट मिटण्याआधी बँकेत जा. ज्याला फ्लॅट ठेवायचा त्याच्या एकट्याच्या उत्पन्नावर उरलेलं कर्ज मंजूर होतं का, ते विचारा. होत नसेल तर फ्लॅट विकून, कर्ज फेडून, उरलेलं वाटून घेणं हाच सरळ मार्ग. घराचा मोह सोडणं जड जातं, तरीही.

होत असेल, तर नाव कसं बदलायचं? नुसत्या अटींवर सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवरचं नाव बदलून मालकी हक्क पक्का होतो असं समजू नका. नोंदणीकृत दस्त करणं सुरक्षित. महाराष्ट्रात राहतं घर जोडीदाराला बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, वर नोंदणीचा खर्च आणि असतील ते अधिभार. ही सवलत नवरा-बायकोसाठी आहे. घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर ते नातं उरत नाही आणि सवलतीवरून वाद उभा राहू शकतो. तेव्हा दस्त हुकमाआधी करायचा की कसा, आणि तो तुमच्या अटींत कसा बसवायचा, हे वकिलाला आणि चार्टर्ड अकाउंटंटला सही करण्याआधी विचारा.

गोव्यात गणितच वेगळं

लग्न गोव्याच्या कायद्याखाली नोंदलं असेल, तर वरची चर्चा बरीचशी बदलते. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामायिक होते आणि विभक्त होताना निम्मी-निम्मी. सिंधुदुर्गातली मुलगी म्हापशात दिली असेल तर तिच्या आई-वडिलांनी हे जाणून घ्यावं. तिचा निम्मा हक्क वाटाघाटीत कोणी देऊ केलेली कृपा नाही.

मुलं

इथे नियम एकच: आई-वडिलांच्या करारापेक्षा मुलाचं हित मोठं. तुम्ही दोघांनी काहीही लिहिलं तरी न्यायालय ते मुलाच्या हिताच्या अंगाने तपासतं, आणि परिस्थिती बदलली तर ताब्याचा हुकूम पुढे बदलतासुद्धा येतो. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं १९५६ चा कायदा म्हणतो. त्यानंतरचं ठरवावं लागतं. आईला स्वतःची पोटगी सोडता येते. मुलाची सोडता येत नाही, कारण ती तिची नाहीच.

‘वडिलांना मुलाला भेटता येईल’ असं वाक्य अनेक अटींत असतं. ते निरुपयोगी आहे. कोणता वार, किती ते किती, आणायला कोण जाणार, सोडायला कोण येणार, हे लिहा. गणपती कोणाकडे, दिवाळीचे पहिले दोन दिवस कोणाकडे, मे महिन्याच्या सुट्टीत किती आठवडे, शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघंही जाऊ शकतात का. मूल आजारी असेल आणि भेटीचा दिवस चुकला तर बदली दिवस कोणता. आजी-आजोबांना भेटण्याबद्दलही लिहा. ते घटस्फोट घेत नसतात.

पैशांचंही तसंच. फी थेट शाळेत भरायची. दहावीनंतरचे क्लास आणि पदवीचा खर्च कोणत्या प्रमाणात वाटायचा. मेडिक्लेम कोणाच्या पॉलिसीत. पासपोर्ट कोणाकडे राहील, आणि परदेशी सहलीला किंवा दुसऱ्या शहरात कायमचं न्यायला दुसऱ्याची लेखी संमती लागेल का. मूल आज तीन वर्षांचं असतं तेव्हा इंजिनिअरिंगच्या फीचा विचार दूरचा वाटतो. पण तेव्हा तुम्ही दोघं एका टेबलावर बसाल याची काय खात्री?

क्रम: कोणी, काय, कोणत्या दिवशी

आता मूळ मुद्द्यावर येते. नवऱ्याला भीती असते की पैसे घेतले आणि दुसऱ्या तारखेला ती आलीच नाही तर? बायकोला भीती असते की केस मागे घेतल्या, घटस्फोट झाला, आणि पैसे राहिलेच तर? दोन्ही भीती खऱ्या आहेत. त्यांवर उपाय एकच: दर टप्प्यावर दोघांनीही थोडं थोडं द्यायचं.

फ्लॅट विकताना आपण हेच करतो. टोकन, करारनामा, कर्जाची रक्कम, किल्ल्या. सगळे पैसे आधी कोणी देत नाही आणि सगळ्या किल्ल्याही आधी कोणी सोडत नाही.

समजा ३० लाख ठरले आहेत आणि पत्नीने फौजदारी तक्रारही केलेली आहे. पहिला अर्ज दाखल होईल त्या दिवशी १० लाख. त्याच दिवशी दागिन्यांची यादी तपासून पोच. मधल्या काळात तिने कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज आणि पोटगीचा दावा मागे घ्यायचा. दुसऱ्या टप्प्याच्या तारखेला, दोघांचे जबाब होतात तेव्हा, १० लाखांचा डिमांड ड्राफ्ट न्यायालयासमोर. उरलेले १० लाख फौजदारी गुन्हा रद्द होईल त्या दिवशी.

हा शेवटचा भाग नीट समजून घ्या. छळाचा गुन्हा (आधीचं कलम ४९८-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५) ‘माझी तक्रार नाही’ एवढं म्हणून मागे घेता येत नाही. त्यासाठी दोघांनी उच्च न्यायालयात जाऊन तो रद्द करून घ्यावा लागतो. त्याला वेळ लागतो. म्हणून तो अर्ज कोण करणार, किती दिवसांत, पत्नी शपथपत्र कधी देणार, आणि शेवटचा हप्ता तोपर्यंत कुठे ठेवायचा (उदाहरणार्थ न्यायालयात जमा करून) हे अटींत असायला हवं.

प्रत्येक टप्प्यापुढे ‘असं झालं नाही तर’ हेही लिहा. हप्ता पंधरा दिवस उशिरा आला तर व्याज किती. ती दुसऱ्या तारखेला आली नाही तर आधी घेतलेले पैसे कधी परत. दोघांनी न्यायालयाला तसं वचन देऊन ठेवलं, तर ते मोडणाऱ्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई होऊ शकते.

‘सगळं ठरलं आणि समोरचा फिरला तर?’

फिरू शकतो. हुकूम होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे १९९१ च्या त्याच निकालाने सांगितलं आहे. कोणाला जबरदस्तीने घटस्फोटाला ‘हो’ म्हणायला लावता येत नाही. मात्र घेतलेल्या पैशांचा आणि मोडलेल्या वचनांचा हिशेब मागता येतो. तुमचा क्रम नीट बांधलेला असेल, तर फिरणाऱ्याचंही नुकसान होतं आणि बरेच जण त्यामुळेच फिरत नाहीत.

हुकूम झाल्यानंतर मात्र परतीचा रस्ता फारसा नाही. संमतीने झालेल्या हुकमावर अपील करता येत नाही; फसवणूक किंवा बळजबरी सिद्ध केली तरच काही होऊ शकतं. ‘मला काही नको, फक्त सुटका हवी’ म्हणत सही करणाऱ्या बायकांना म्हणूनच सांगते की एक महिना थांबा. त्या क्षणाचा थकवा खरा असतो, पण त्या सहीचे परिणाम चाळीस वर्षं चालतात. आणि नवऱ्यांनाही सांगते: पोटगी सोडल्याचा कागद म्हणजे अभेद्य कवच नाही. असा करार असूनही गरज पडल्यास पत्नी निर्वाहासाठी फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याखाली अर्ज करू शकते, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. तिला कोपऱ्यात ढकलून मिळवलेली तडजोड तुमच्याही कामाची नाही.

‘आमचं आमचं ठरलंय, वकील कशाला?’

मूल नाही, घर नाही, कर्ज नाही, दोघंही कमावते: मग एकच वकील पुरेल. यांतलं काहीही असेल तर दोघांचे वकील वेगळे हवेत, किमान अटी वाचून घेण्यापुरते. पैसे नाहीत ही अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. कौटुंबिक न्यायालयातले विवाह समुपदेशक दोघांशीही बोलतात, आणि मुलांच्या भेटीचं वेळापत्रक बसवायला त्यांची फार मदत होते. जोडीदार परदेशी असेल तर सबळ कारणासाठी व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहण्याची परवानगी न्यायालय देऊ शकतं.

जिथे मारहाण आहे, धमक्या आहेत, मूल काढून घेण्याची भीती दाखवली जाते, तिथे यातलं काहीही लागू नाही. भीतीच्या सावलीत झालेल्या बोलणीला वाटाघाट म्हणता येत नाही. आधी सुरक्षित जागा, संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार, १८१ किंवा ११२ वर फोन. बोलणी नंतर, आणि तीही समोरासमोर न बसता, वकिलामार्फत.

हुकूम हातात आल्यावर

प्रमाणित प्रती दोन-तीन घ्या. पासपोर्ट, बँक आणि पुढच्या लग्नाच्या नोंदणीला लागतात. संयुक्त खातं आणि लॉकर बंद करा. भविष्यनिर्वाह निधी, पीपीएफ, विमा, म्युच्युअल फंड, डिमॅट, सोसायटी, प्रत्येक ठिकाणचं नॉमिनेशन स्वतः जाऊन बदला, आणि मृत्युपत्र केलं असेल तर तेही नव्याने करा. घटस्फोटाने ही नावं सगळीकडे आपोआप पुसली जात नाहीत. गॅसचं कनेक्शन, रेशनकार्ड, मुलाच्या शाळेतला पालकांचा संपर्क क्रमांक, व्हॉट्सॲप वेब उघडं राहिलेला जुना लॅपटॉप, हेही त्याच आठवड्यात बघून घ्या.